मामींना जरा भाइर बसवा

माझं माहेर वेल्ह्याकडचं, पानशेत धरणाच्या पार वरच्या अंगाला, एसटी जिथनं माघारी वळती तिथनं आजून तासभर पायी, आन सासर हे हितं, किकवीच्या आतल्या अंगाला, म्हंजी डोंगरातली पोर सडकेला दिली, नशीब काढलं पोरीनं, असं म्हणायचे लोक. नाव हिराबाई. पर हिराबाई म्हणून कुणी हाक मारत न्हाई, बेंबीवाली मावशी म्हणत्यात, आन काय सांगू तुमाला, त्या नावाचा मला लई दिवस तोरा हुता.

हे काम सासूकडनं आलं. माझी सासू पोट चोळायची. कुणी वजन उचललं, कुणाला अन्न जाईना, कुणाच्या पोटात कळ आली, की बेंबी सरकली म्हणायचं आन तिच्याकडं यायचं. ती उताणं निजवायची, बेंबीत अंगठा दाबून ठोका कुठं लागतो ते बघायची, मग बेंबीवर कणकेचा दिवा लावून वर तांब्या पालथा घालायची, दिवा विझला की तांब्या कातडी धरून वर ओढायचा, लोक बघत राहायचे. मग तेल लावून चोळायची. काही जणांना बरं वाटायचं, मी खोटं कशाला बोलू, गॅस धरलेला असतो, शीर आखडलेली असती, चार गोड शब्द आन गरम हात, त्यानंबी माणूस निम्मं बरं होतं. तिचं बघून, तिच्या हयातीतच मीबी चोळायला लागले.

बायांचं तर सगळंच दुखणं बेंबीत. पाळीत दुखलं तरी बेंबी. लघवीला आग झाली तरी बेंबी, आन आग होणार न्हाई तर काय, भातलावणीला दिवसभर खाचरात वाकायचं, आडोसा कुठं न्हाई, म्हणून पोरी सकाळधरनं पाणीच पीत न्हाईत. कंपनीत जाणाऱ्या पोरींचंबी तेच, संडासाला कडी न्हाई म्हणून घरी येईपतोर धरून ठेवायचं. आन पोट म्हणलं की आमच्यात छातीच्या खालनं मांडीपतोर सगळं पोटच, त्याच्यातल्या खालच्या भागाचं नाव घ्यायचंच न्हाई, हात लावून दाखवायचं, तेबी लुगड्यावरनं, तेबी दुसरीकडं बघत.

पर हाताला कळतं. पोरींनो, हे नीट लिवा तुमच्या वहीत, कारण पुढं हेच हाय सगळं. पाळीचं दुखणं हाताखाली कसं लागतं, पोटात मळ साचलेला कसा लागतो, आन ज्याला हात लावायचा न्हाई ते कसं लागतं, हे इतक्या वर्षांत कळतं. नाव सांगता यायचं न्हाई मला डॉक्टरसारखं, पर हे माझ्या हातचं न्हाई एवढं कळतं.

आता मधीच एक सांगते, त्याच्याबिगर माझं वागणं तुमाला समजायचं न्हाई. लई वर्सं झाली, माझी पोरं बारकी हुती, तवा गावातली एक पोरगी, लग्न न झालेली, एकटीच माझ्याकडं आली, पोट दुखतंय म्हणाली, म्या दार लोटून तिला चोळलं, बास. आठ दिवसांनी ती कापूरहोळच्या ढाब्यावरच्या आचाऱ्यासंगं निघून गेली. झालं. हिराबाईनं तिचं पोट रिकामं केलं, दार लावून केलं, असं गावभर. सासऱ्यांना चावडीत बोलावलं, दोन वर्सं माझ्या हातचं कुणी पाणी पीत नव्हतं. तवा सासूनं मला सांगितलं, हिरे, हितनं पुढं पोरीबाळीच्या अंगाला हात लावायचा तर तिची आई न्हाईतर सासू शेजारी बसवायची, आन तोंडानं काही इचारायचं न्हाई, इचारलं की गुंतलीस. म्या ते पाळलं. वीस-बावीस वर्सं पाळलं. माझी अब्रू वाचली त्यानं, खोटं न्हाई.

आता सुवर्णाचं.

सुवर्णा माझ्या माहेरच्या गावची. गावची लेक म्हणून ती मला आत्या म्हणायची. बारावी झालेली पोर, एसटीत बसली की पाट्या वाचत यायची. हितल्या शेजारच्या शेवंताच्या पोराला पोरगी बघत हुते, पोरगा टेम्पो चालवायचा, घर बरं, तवा स्थळ म्याच सुचवलं. लग्नात मला मानाची साडी नेसवली दोन्हीकडनं.

लग्नाला चार-पाच महिने झाले असत्याल, लावणी चालू हुती. शेवंता तिला घेऊन आली. म्हणाली, हिरे, हिची बेंबी बसव बाई, रोपाचं एवढंसं ओझं उचललं तर वाकडी झाली, आमी लावणी करता करता बाळंत व्हायचो, बाळ बांधावर ठेवून परत खाचरात, आन ह्या शिकलेल्या पोरी. सुवर्णा हसली, पर नुसतं तोंड हसलं. निजवली. बेंबीला काही नव्हतं. ठोका जागच्या जागी. खाली ओटीपोटाला हात गेला तशी पोर दचकली, आन अंग कोमट लागलं मला. शेवंता मिश्री थुंकायला दारात गेली, तेवढ्यात सुवर्णानं माझं मनगट धरलं आन हळूच म्हणाली, आत्या, मामींना जरा भाइर बसवा ना.

एवढंच म्हणाली. मामी म्हंजी सासू.

म्या काय केलं? म्या म्हणलं, शेवंते, ये गं आत, तेलाची वाटी धर.

पोरीनं मनगट सोडलं. तोंड भिंतीकडं केलं. आन म्या चोळलं, वरच्या वर चोळलं, हात खाली जाऊच दिला न्हाई. घरी जाताना शेवंता म्हणाली, बघ, एका हातात गुण आला.

पंधरा दिवसांनी परत आणली. ह्या वेळेला कपड्याला वास हुता. बायांना कळतो तो वास, आत काहीतरी पिकत असलं की येतो, मला कळला, शेवंतालाबी कळला असंल, दोघी तेल आन हळदीचं बोलत बसलो. म्या म्हणलं, डॉक्टरला दाखव एकदा. शेवंता म्हणाली, लग्नाला सहा महिने न्हाई तर दवाखान्याची पायरी, लोक काय म्हणतील, पोरीत खोट हाय म्हणतील. आन म्या पुढं बोललेच न्हाई. बोलायला पायजे हुतं, तिच्या दारात जाऊन भांडायला पायजे हुतं, स्थळ म्या आणलं हुतं ना, मग हक्क हुता माझा. न्हाई बोलले. आन वरनं चोळलंच परत.

तिसऱ्या खेपेला शेवंतानं आन आजून एका बाईनं धरून आणली. ताप. पोट असं कडक, फळीगत. म्या नुसती बोटं टेकवली तर पोर एवढी आरडली, आन तिथंच डोळे फिरवले. मग मात्र पळापळ, वडापची जीप थांबवली, भोरला नेली, तिथनं लगोलग पुण्याला. संगं मीबी हुते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. ऑपरेशन केलं. डॉक्टरीण बाई भाइर आल्या, तरुणच हुत्या, म्हणाल्या, पिशवीच्या दोन्ही नळ्यांत पू झाला हुता, जीव वाचलाय, पर मूल राहणं आता अवघड. हे जंतूंचं दुखणं असतं, नवऱ्याकडनंबी येतं, सुरुवातीला आणली असती तर औषधावर भागलं असतं, दोघांनीबी घ्यायची असतात औषधं. मग इचारलं, किती दिवसांपासनं दुखत हुतं?

शेवंता म्हणाली, कालपासनं.

मी शेजारी उभी हुते. दीड महिना झाला हुता, तीन वेळा माझ्या हाताखालनं गेली हुती, आन मी पदर तोंडाला लावून उभी. कालपासनं. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडंबी बघितलं, मला वाटतं त्यांना कळलं हुतं, पर इचारलं न्हाई.

पुढचं काय नवीन सांगू. नवऱ्यानं औषध घेतलं न्हाई, मला काय झालंय म्हणाला. वरसाच्या आत सुवर्णाला माहेरी घातली, हिला मूल व्हायचं न्हाई म्हणून. खोट पोरीचीच ठरली. त्याचं दुसरं लग्न झालं, बाजूच्याच घरात नवी सून नांदती, आन मला तिच्याकडं बघवत न्हाई, भीती वाटती.

मी गेले हुते सुवर्णाला भेटायला. गेल्या उन्हाळ्यात. ती आता पानशेतला एका खानावळीत कामाला हाय, पुण्याची लोकं शनवार-रविवार येत्यात तिथं, पिठलं-भाकरी करती, हिशेब-बिल तीच बघती. मला बसवलं, पाणी दिलं. बरी दिसली तशी. बराच वेळ मी पिकापाण्याचं बोलत बसले, मग तीच म्हणाली.

आत्या, तुमाला कळलं हुतं ना?

म्या म्हणलं, व्हय.

ती म्हणाली, मला वाटलंच. आन उठून भाकरी थापायला गेली, गिऱ्हाइकं आली हुती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी त्याची तयारी करून गेले हुते.

तवापासनं मी तांब्या उचलून ठेवला. तरी पोरी येत्यात पोट धरून, तर मी पयलं काम काय करते, संगं कोण आलंय त्याला अंगणात बसवते, चहा देते, दार लोटते. मग इचारते, पाळी कधी आली, चुकली का, लघवीला जळतं का, अंगावरनं जातं का, त्याला वास हाय का, दुखणं उजव्या अंगाला खाली उतरलंय का, ताप हाय का. आन सांगते, माझं काम न्हाई हे, आजच्या आज दवाखान्यात जा, मी येते संगं. दोघी-तिघींना मीच नेलंय, एकीचं अपेंडिस निघालं, एकीला नळीतच दिवस राहिले हुते, वेळेवर पोचली म्हणून वाचली. पर सासवा आता येईनात माझ्याकडं. म्हातारीला आगाऊ चौकश्या लागत्यात म्हणत्यात. म्हणू द्या.

तुमी पोरी पत्रकं वाटता, नातीनं वाचून दाखवलं मला, सगळं बरोबर लिवलंय त्यात, दुखण्याची नावं, कारणं, लाजू नका, डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पर बायांनो, डॉक्टरच्या खुर्चीशेजारीबी सासू बसलेली असती, तिला भाइर कोण घालवणार, ते कुठं लिवलंय? ते लिवा मोठ्या अक्षरात.

आन मघा तुमी म्हणाला, मावशी, तुमचा काय दोष, अडाणीपणा आन अंधश्रद्धा, दुसरं काय. चांगल्या मनानं म्हणाला, देव तुमचं भलं करो. पर तसं लिवू नका. अडाणी हुती म्हणून चुकली, असं माझ्या नावावर घालू नका. हाताला कळलं हुतं, नाकाला कळलं हुतं, आन पोरीनं तोंडानं मागितलं हुतं. मला माझी अब्रू जड झाली तिच्यापरीस. तसंच लिवा. छापून आलं की सुवर्णा वाचंल.