खाली ठेवलेला कप

असू दे साहेब, चहा तिथंच असू दे. पिईन, पण आधी बोलतो. तुम्हाला अरबी येतं हे एक बरं झालं, तुमच्या आधीच्या रशियन साहेबाला दुभाष्या लागायचा — नाही, तक्रार नाही, माणूस सभ्य होता. बूट काढून आमच्या बैठकीत आला, सगळं गाव बसलेलं. बाहेर तुमच्या विमानांनी पाडलेली पिठाची गिरणी, आणि आत तुमचाच साहेब समेट करायला — असो. मी स्वतः कॉफी ओतली. त्यानं कप घेतला आणि खाली ठेवला. आता आमच्या हौरानात, या दक्षिण सीरियात, पाहुण्यानं कप न पिता खाली ठेवला म्हणजे काय? म्हणजे त्याला काही मागायचंय. यजमानानं 'पी, दिलं' म्हटलं की दिलं, मग जीव का जाईना. मी विचारलं, काय हवं? म्हणाला, सरकारशी लढणाऱ्या तुमच्या पोरांनी बंदुका टाकाव्यात, सरकारी नाक्यावर जाऊन नावं द्यावीत, केसालाही धक्का लागणार नाही, हमी रशियाची. मी म्हटलं, पी, दिलं. तेव्हा त्यानं नुसते ओठ लावले. मला वाटलं, घाईत असेल.

नौरस, माझा मुलगा, घरी येऊन हसायला लागला. बाबा, त्याला कडू लागली असेल हो, त्याला कुठले तुमचे रिवाज ठाऊक, मी नाही जायचा. मी म्हटलं, गावादेखत शब्द दिलाय, बापाचं नाक कापू नकोस — हे त्याच्या आईलासुद्धा माहीत नाही, तिला वाटतं तो आपणहून गेला. धुतलेला सदरा घालून गेला. नाक्यावरच्यांनी त्याला गाडीत कोंबला, तुमचे शिपाई तिथंच उभे होते. त्यानंतर दोनदा ऑलिव्ह उतरवून झाले, दोन वर्षं, त्याचा पत्ता नाही. परवा तो दुभाष्या बाजारात भेटला. म्हणाला, गावात काही खायचं-प्यायचं नाही असा त्यांना हुकूमच असतो, चाचा. कप खाली ठेवला तो एवढ्यासाठीच.

तर आज मी हा पेला खाली ठेवलाय. मागणं एकच — तो आहे की नाही, तेवढं दमास्कसला विचारा. तुमचं ऐकतात ते. नसेल तर नाही म्हणा, त्याच्या आईला रडू तरी द्या. तुम्ही नुसतं 'पी' म्हणा, गार झालाय तरी पिईन — घड्याळ कशाला बघताय साहेब? — त्या शिपायाला सांगा ना, पेला उचलू नको म्हणून. मी अजून —

बरं. न्या.