कडेचा मरवा

मुलगी : आई, हा मरवा पिशवीसकट बाहेर आला!

आई : अगं, हळू! उपटतेस कशाला?

मुलगी : ऑफिसातल्या मैत्रिणीला एक रोप द्यायचं होतं. ही तर रोपवाटिकेची काळी पिशवी आहे. आणि ह्यालाही... ह्यालाही! चारही रोपं नुसती मातीत खोचून ठेवलीत. तीही सगळी कडेला.

आई : चहा निवतोय तुझा.

मुलगी : निवू दे. मी लावलेला मरवा कुठे गेला?

आई : कुठे जाणार, बाजारात? वाळला. पहिल्याच महिन्यात.

मुलगी : आणि मी दर रविवारी येऊन फोटो काढतेय! परवाच सगळ्यांना दाखवला. आईचे गुडघे दुखतात, वाकवत नाही, म्हणून उंच वाफा बांधून दिला. केवढी मिरवले गं मी.

आई : म्हणून तर सांगवेना. आठवडाभर ही खिडकीत असतात, ओट्याजवळ. तू यायच्या आधी इथे आणून खोचते. मागल्या खेपेला तू लवकर टपकलीस, तर एक न्हाणीघरात लपवावं लागलं.

मुलगी : हसवू नकोस. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

आई : मला नाही झालं? ह्या वयात पोटच्या पोरीशी लबाडी.

मुलगी : पण वाळलाच कसा? मरव्याला पाणी लागतं तरी कितीसं?

आई : तेवढंही पोचेना. मधोमध हातच जात नाही माझा.

मुलगी : कमरेइतका तर आहे! गवंड्याला मी स्वतः उभं राहून...

आई : हो. तूच उभी राहिलीस. तुझ्या कमरेइतका, माझ्या छातीला लागतो.

मुलगी : ...तू कुठे होतीस तेव्हा?

आई : आत. तुमच्या दोघांचा चहा करत होते.

मुलगी : मग बाहेर येऊन बोलायचं नाही?

आई : विटा रचून झाल्या होत्या. तू घामाघूम, आणि खूश. म्हटलं, बादली पालथी घालून चढेन.

मुलगी : चढलीस? म्हणजे कोपर काळंनिळं झालं होतं ते... दाराची कडी लागली म्हणालीस!

आई : कडी काही बोलत नाही ना, तिच्यावर ढकललं.

(मुलगी आत जाऊन मोजपट्टी घेऊन येते.)

मुलगी : ये इकडे. वाफ्याला लागून उभी राहा. दोन थर तरी काढायला सांगते गवंड्याला.

आई : आणि फोटो बघितलेल्यांना काय सांगशील?

मुलगी : सांगेन, सगळं मोजलं. आईला तेवढं विचारायचं राहिलं.

आई : बरं, बरं. डोळे पूस आधी, आकडे दिसायचे नाहीत.

मुलगी : सरळ उभी राहा ना, आई.

आई : थांब, चपला जाड आहेत. काढते. खरं माप येऊ दे.