पाठमोरी सुरई

नाव : हेरिबर्ट वोल्सिफर, वय ७४ वर्षे, निवृत्त भूमापक, राहणार कुंभार गल्ली, फ्रेखेन, कोलोनजवळ.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर तळमजल्यावर मी एकटा राहतो. माझी पत्नी मेख्टिल्ड मागच्या वर्षी फेब्रुवारीत वारली.

गेल्या मंगळवारी सकाळी मी दफनभूमीत गेलो होतो. परत आलो तेव्हा बैठकीच्या फडताळावरची जुनी सुरई जागेवर नव्हती. चोर झोपायच्या खोलीच्या खिडकीतून आला. खिडकी उघडी होती. दुसरे काही गेलेले नाही.

सुरई आमच्या गावच्या जुन्या भट्टीतली, तपकिरी, मिठाच्या झिलईची आहे. गळ्यावर दाढीवाल्या माणसाचा चेहरा आहे. अशा सुरया इथे पुष्कळ घरांत असतात. ही मेख्टिल्डच्या माहेरची.

आज मला ठाण्यात जुन्या वस्तूंचे व्यापारी श्री. रोस्बाख यांच्या दुकानातून आणलेल्या तीन सुरया दाखवल्या. तिन्ही तोंड पुढे करून मांडल्या होत्या. मला आमची ओळखता आली नाही. दाढी चौकोनी की वेणीसारखी, असे हवालदार कुर्टन बाईंनी विचारले. तेही सांगता आले नाही.

"अहो काका, लग्नापासून घरात आहे म्हणता ना?" बाई म्हणाल्या.

श्री. रोस्बाखही तिथे हजर होते. ते म्हणाले, "घरचा म्हातारा ह्यांना ओळखू येईना आणि चोर कोण, तर मी. तिघांनाही रीतसर विकत घेतलंय, बाई."

मी म्हणालो, आमच्या सुरईच्या मुठीखाली नखाएवढी कोरडी खूण आहे. भट्टीत शेजारच्या सुरईला टेकल्यामुळे तिथे मिठाची झिलई बसलेली नाही. खुणेच्या उजव्या कडेला केसासारखी चीर आहे. बाईंनी तिन्ही फिरवल्या. मधल्या सुरईवर खूण आणि चीर दोन्ही निघाली. तीच आमची.

"पाठ तोंडपाठ आणि चेहरा आठवत नाही. हे साहेबांना पटायचं नाही, काका. कारण लिहावं लागेल," बाई म्हणाल्या. म्हणून सांगतो.

आमच्या घरात एक रीत होती. ज्याला राग येईल त्याने सुरईचे तोंड भिंतीकडे करायचे. राग गेला की त्यानेच ती सरळ करायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

मेख्टिल्डला रात्री खिडकी उघडी लागे. मला थंडी वाजते. एका रात्री मी उठून खिडकी लावली. सकाळी तिने सुरई फिरवली आणि म्हणाली, "बस आता ह्याच्या पाठीशी बोलत. तुझ्यासारखाच आहे, ऐकत नाही." मी हसलो. तीही हसण्याच्या बेतात होती असे मला वाटले. मग ती बाजारात गेली. तिथे पडली. इस्पितळातून परत आली नाही.

तेव्हापासून सुरई तशीच होती. ती सरळ करणे माझ्याकडे नव्हते.

श्री. रोस्बाख यांनी मधली सुरई स्वतःच बाईंपुढे सरकवली.

कागद पुरे झाले की सुरई मला मिळेल असे बाईंनी सांगितले आहे. कापडात गुंडाळताना त्यांनी विचारले, "घरी नेल्यावर कशी ठेवणार?" मी म्हणालो, होती तशी.

"आणि खिडकी लावत जा हो काका. तळमजला आहे."

मी ऐकून घेतले. लावीन असे म्हटलेले नाही. तेवढे जबाबात यावे.

वरील मजकूर कुर्टन बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

हेरिबर्ट वोल्सिफर