लाजराबुजरा माप घेतो

नाही, तुम्हीच सांगा, माणसाला जन्मभर एकच शब्द का चिकटवायचा? शाळेत बाईंनी गाणं म्हणायला उभं केलं, मला घाम फुटला, बाई म्हणाल्या, "लाजराबुजरा आहे हो!" झालं! तेव्हापासून पाहुण्यांकडे गेलो तर दुसऱ्यांदा कुणी वाढत नाही. का? तर म्हणे मी लाजराबुजरा! अहो, लाजतो तो माणूस, बुजतं ते घोडं, आणि मला लागते भूक!

शिंप्याच्या दुकानात मी मागे बसून कापड बेततो. पुढे माप घेणारे मास्तर काम सोडणार, म्हटलं ही जागा आपलीच! मालक म्हणतो, "तुला नाही रे जमायचं. माप खणखणीत सांगावं लागतं, मागे मशीनवरचा ऐकून लिहून घेतो. तू पडलास..." पुढचा शब्द मी सांगायलाच नको! घरी बायको म्हणाली, "आज तोंड उघडा, नाहीतर मीच येते दुकानात." ती येणार? त्यापेक्षा मी ओरडलेलं बरं! मालकाला म्हटलं, "एकदा तरी माप घेऊ द्या. मी हलणार नाही इथून."

आणि आले कोण? नेहमीचे साहेब, सोबत होणारे व्याही! साहेबांनी पोट आत ओढलेलं, श्वास रोखलेला, चेहरा लालबुंद... मी टेप लावली. म्हटलं, "श्वास सोडा, साहेब."

"सोडलाय," साहेब, ओठ न हलवता.

"कुठला सोडलाय! येऊ द्या पोट बाहेर, लाजताय काय?" आलं हो, आलं! मी छाती फुगवून आरोळी ठोकली, "कंबर अठ्ठेचाळीस!" रस्त्यावरचा सायकलवाला थांबला! व्याह्यांना खोकला लागला. आणि मशीनवरचा मागून विचारतो, "किती?"

काय करणार? पुन्हा सांगितलं!

साहेब कडाडले, "कोण हा निर्लज्ज माणूस? तो मागे बसणारा लाजराबुजरा कुठाय? माझं माप तोच घेईल!"

मालक खाली बघून म्हणाला, "साहेब... तोच हा."

गेली जागा! पुन्हा मी मागे, पुन्हा कात्री. परवा नवं गिऱ्हाईक विचारत होतं, "हे कोण हो?" मालक म्हणाला, "आमचा कटर. फार लाजराबुजरा आहे बिचारा..."

मग टेप गुंडाळत म्हणाला, "कंबर सोडून."