ॲम्प्लिफायरवर फोडलेला नारळ

हे लिवणारच नव्हतो. ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात मित्राचा सेट दुरुस्तीला घेऊन बसलेलो. म्होरं एक तात्या आणि मालक बापूसो.

“बापूसो, आवाजच बंद झालाय की.”

“आत पाणी गेलंय, तात्या.”

“नारळाचं आसंल. दसऱ्याला पूजा करून वरच फोडला.”

“दसरा झाला की रोज एक नारळ येतोय बघा. जाळीतनं सगळं आत जातंय. वॉरंटीत बसत न्हाई हे.”

“वॉरंटी ऱ्हाऊ दे. उद्या पन्हाळ्याला कुस्त्यांचं मैदान हाय. पहिल्यांदाच मला पुकारायला बोलवलंय.”

“आज एकच सेट हुईल. नंबर ह्या पावण्यांचा हाय.”

दोघंबी माझ्याकडं बघाय लागले. मी मित्राला फोन लावला.

“पारस, तुझा सेट आज न्हाई हुणार. उद्या परत येतो, घेऊनच येतो. शब्द हाय माझा.”