आमना वकील ई ऱ्हायना

दिनांक २३/०९/२०२५, सकाळी ११ वाजून ३५ मिनिटे. ठिकाण : वाघरखेडे पोलीस ठाणे, जि. धुळे.

मी लिलाबाई देवचंद बैसाणे, वय ५४ वर्षे, धर्म बौद्ध, अनुसूचित जाती, धंदा शेतमजुरी, राहणार मौजे वाघरखेडे. धुळे येथील विशेष न्यायालयाच्या दि. १८/०९/२०२५ च्या आदेशावरून मला आज ठाण्यात बोलावले आहे. उपविभागीय पोलीस अधिकारी साहेबांनी समक्ष विचारल्यावरून फिर्यादी म्हणून जबाब देते तो असा. माझी बोली अहिराणी आहे. जबाब मराठीत लिहिला जात आहे. मात्र जिथे माझे शब्द जसेच्या तसे हवेत तिथे ते अहिराणीतच लिहावेत, असे मी सांगितले व ते मान्य झाले.

मी मुलगा प्रशील, वय २७, याच्यासोबत राहते. प्रशील नरडाणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीन चालवतो. माझे पती देवचंद यांचे २०२२ साली पावसाळ्यात निधन झाले. आमच्या समाजाची स्मशानभूमी गावाच्या पश्चिमेला आहे. त्या वेळी तिथे पपईची लागवड होती व वाटेला काटेरी तार होती. अंत्यविधी नाल्याच्या काठावर करावा लागला. लाकडे ओली होती. याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

पपईची लागवड गावातील प्रेमराज हिलाल पाटील यांची होती. दि. २६/०१/२०२४ च्या ग्रामसभेत प्रशीलने उभे राहून स्मशानभूमीची सरकारी मोजणी मागितली. प्रेमराज यांनी त्याला खाली बसायला सांगितले. तो बसला नाही. नंतर त्याने स्वतःच्या नावाने मोजणीचा अर्ज केला व मोजणीची तारीख दि. १३/०३/२०२४ अशी आली. तशी नोटीस प्रेमराज यांनाही गेली.

मोजणीच्या दोन दिवस आधी, सोमवार दि. ११/०३/२०२४ रोजी, प्रशीलला दुपारची पाळी असल्याने तो घरी होता. सकाळी दोन पोलीस जीप घेऊन आले. त्याने जेवायला घेतले होते. ठाण्यात साहेबांनी बोलावले आहे, अर्ध्या तासात परत सोडतो, असे ते म्हणाले. मी मोबाइलवर वेळ पाहिली. नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती. शेजारच्या गल्लीतील झुंबरबाई सुकदेव पाटील, वय ७० च्या पुढे, या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी जीप जाताना पाहिली. झुंबरबाई या प्रेमराज यांच्या सख्ख्या चुलती आहेत. त्यांच्या शेतात मी वीस वर्षे निंदणी व कापूसवेचणी केली आहे.

मी पायी ठाण्यावर आले. मला बाहेर थांबायला सांगितले. दहाच्या सुमारास आतून प्रशीलचा आवाज आला. तो दोन वेळा आला. नंतर आला नाही.

साडेदहा वाजता त्या वेळचे ठाणे प्रभारी, सहायक पोलीस निरीक्षक किरण भामरे यांनी मला आत बोलावले. प्रेमराज तिथे खुर्चीवर बसलेले होते. भामरे यांनी सांगितले की, शनिवार दि. ०९/०३/२०२४ रोजी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान प्रेमराज यांच्या विहिरीवरून मोटारीची केबल चोरीला गेली आणि प्रशीलला केबल घेऊन पळताना प्रेमराज यांनी स्वतः पाहिले. शनिवारी प्रशील सहा वाजेपर्यंत कारखान्यात होता, असे मी सांगितले.  भामरे यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तो मोजणीचा अर्ज मागे घेण्याचा होता. प्रशीलने त्यावर सही केली की केबलचे प्रकरण इथेच मिटेल, नाहीतर तो आत जाईल व कारखान्यातली नोकरीही जाईल, असे भामरे म्हणाले. प्रेमराज म्हणाले की, कोर्टात काही लागलेच तर त्यांचा वकील आहे, तो आमचेही पाहून घेईल.

मी त्यांना म्हणाले : "मना पोऱ्या सही करावं नही. आमना वकील ई ऱ्हायना."

म्हणजे माझा मुलगा सही करणार नाही, आमचा वकील येत आहे. पण त्या वेळी आमचा कोणताही वकील ठरलेला नव्हता.

बाहेर येऊन मी वकील शोधू लागले. तालुक्याच्या गावातील दोन वकिलांचे नंबर गावातल्या माणसाकडून मिळाले. पहिले म्हणाले की, प्रेमराज त्यांचे जुने पक्षकार आहेत. दुसऱ्यांनी सगळे ऐकून घेतले व सही करून टाका, पोरगा सुटेल, असा सल्ला दिला. त्यांचे आभार मानून फोन ठेवला. नंतर मी माझी बहीण मंदाबाई हिला लावला. ती धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्याच्या तीन वर्षे आधी जिनिंगमधल्या आठ बायांवर खोटा गुन्हा दाखल झाला होता, त्यात ती होती. जळगावच्या ॲडव्होकेट वृषाली सपकाळे यांनी ती केस लढवून आठही जणींना सोडवले होते. मंदाबाईने पाच मिनिटांत वकीलबाईंशी फोन जोडून दिला.

त्यांनी मला आधी रडणे थांबवायला सांगितले नाही, कारण मी रडत नव्हते. मुलाला किती वाजता नेले, कोणी पाहिले, आतापर्यंत कशावर सही झाली का, एवढे तीन प्रश्न विचारले. मी फी विचारली. त्यांनी आकडा सांगितला. तो मला जमण्यासारखा होता. त्या म्हणाल्या : "मावशी, मी फुकट केस घेत नाही. फुकटच्या वकिलाला माणूस जाब विचारत नाही आणि तुम्ही मला जाब विचारायचा आहे. मी पुढच्या गाडीने निघते. ठाण्यासमोरून हलू नका."

मी हलले नाही. झुंबरबाईंनी दुपारी पाण्याची बाटली व भाकर पाठवली. ती मी घेतली.

वकीलबाई जळगावहून रेल्वेने नरडाण्याला उतरल्या व तिथून रिक्षाने पावणेपाच वाजता ठाण्यावर पोहोचल्या. त्या बुटक्या आहेत व त्यांचा आवाज लहान आहे. मला थोडी धास्ती वाटली, हे खरे सांगते. मला सोबत घेऊन त्या थेट भामरे यांच्या टेबलापाशी गेल्या. भामरे म्हणाले की, चौकशी चालू आहे, वकिलाला भेटता येणार नाही. त्यावर वकीलबाई म्हणाल्या : "साहेब, अटक केली नसेल तर तो मोकळा माणूस आहे, मी त्याला आत्ता घेऊन जाते. अटक केली असेल तर वकिलाला भेटणे हा त्याचा हक्क आहे. दोनपैकी काय ते लिहून द्या."

भामरे यांनी फोन लावायला घेतला व परत ठेवला. ठाण्यातील सर्व जण काम थांबवून बघत होते. वकीलबाई उभ्याच राहिल्या. शेवटी भामरे यांनी लिहून दिले. त्यात सायंकाळी ५ वाजून १० मिनिटांनी बसस्टँडवरून अटक, असे होते. वकीलबाईंनी तो कागद दोन वेळा वाचला व जपून ठेवला. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या की, आज आपल्याला यापेक्षा चांगला कागद कोणी दिला नसता.

नंतर प्रशीलला समोर आणले. वकीलपत्रावर त्याला सही करायची होती. त्याचे दोन्ही तळहात सुजले होते. पेन बोटांत राहत नव्हते. त्याने डाव्या हाताचा आधार देऊन सही केली. ती वाकडी आली म्हणून तो दुसरा कागद मागू लागला. वकीलबाई म्हणाल्या, हीच राहू दे. मी त्याच्या हाताला हात लावला नाही. दुखले असते.

त्याच संध्याकाळी वकीलबाईंनी ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे दिवसभराचे चित्रण जपून ठेवावे, असा अर्ज दिला व पोचेचा शिक्का घेतला. शिक्का सापडत नाही असे सांगितल्यावर त्या बाकावर बसून राहिल्या. वीस मिनिटांनी सापडला.

दुसऱ्या दिवशी दि. १२/०३/२०२४ रोजी प्रशीलला तालुका न्यायालयात हजर केले. पोलिसांनी तीन दिवसांची कोठडी मागितली. वकीलबाईंनी ते वाकड्या सहीचे वकीलपत्र न्यायाधीश मॅडमच्या पुढे ठेवले व पक्षकार सुशिक्षित असून त्याची सही अशी का, एवढेच पाहावे, असे म्हणाल्या. मॅडमनी प्रशीलला हात दाखवायला सांगितले. त्याने दाखवले. कोठडी नाकारली गेली, वैद्यकीय तपासणीचा आदेश झाला व संध्याकाळी जामीन मिळाला.

दि. १३/०३/२०२४ रोजी मोजणी झाली. अर्जदार हजर आहे का, असे मोजणीदाराने विचारले. प्रशीलने पट्टी बांधलेला हात वर केला. आमच्या समाजाचे लोक घरटी आले होते. पपईची पाच गुंठे लागवड स्मशानभूमीच्या हद्दीत निघाली. दगड रोवले गेले.

केबलचोरीचा खटला पुढे सतरा महिने चालला. वकीलबाईंची एकही तारीख चुकली नाही. त्यांनी कारखान्यातून हजेरी यंत्राची नोंद मागवली. शनिवारी प्रशील सकाळी ६.५२ ला आत गेला होता व सायंकाळी ६.०७ ला बाहेर आला होता. प्रेमराज यांनी शपथेवर सांगितले की, दुपारी मोटार चालू असताना ती अचानक बंद पडली, म्हणून ते विहिरीकडे गेले व प्रशीलला पळताना पाहिले. मोटार त्या दिवशी चालू होती, हे वकीलबाईंनी त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतले. त्या असे का करतात, ते तेव्हा मला समजेना.

पुढच्या तारखेला आमच्या बाजूने झुंबरबाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे साक्षीसाठी गेले नव्हते. तेवढे धाडस मला झाले नसते. वकीलबाई गेल्या होत्या. झुंबरबाईंची व प्रेमराज यांची विहीर सामाईक आहे. त्या काठी धरून पिंजऱ्यात चढल्या. सरकारी वकिलांनी त्यांना वयामुळे नीट आठवते का, असे विचारले. त्या म्हणाल्या : "साहेब, मोटर जळी गई व्हती. आठ दिन केबलसंगे मिस्तरीकडे पडेल व्हती. जे वावरमा व्हतंच नही, ते चोरी कसं जाई?"

कोर्टात मागच्या बाकावर कोणीतरी हसले. मॅडमनी वर पाहिले व ते थांबले. प्रेमराज खाली मान घालून बसले होते. झुंबरबाईंनी त्यांच्याकडे पाहून सांगितले की, लिलाबाईच्या पोराला त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे आणि पुतण्यालाही पाहिले आहे. हे वाक्य नोंदीत घेतले गेले नाही. मला ते या जबाबात हवे आहे.

मोटार व केबल त्या शनिवारी दुरुस्तीला असल्याची नोंद असलेली मिस्तरीची वही वकीलबाईंकडे आधीच होती. दि. २१/०८/२०२५ रोजी प्रशील निर्दोष सुटला. निकालात फिर्याद खोटी असल्याचे व कॅमेऱ्यात प्रशील सकाळी ९.२५ ला ठाण्यात येताना दिसत असताना कागदोपत्री अटक सायंकाळी बसस्टँडवर दाखवल्याचे नमूद आहे. तो निकाल घेऊन वकीलबाईंनी धुळ्याच्या विशेष न्यायालयात अर्ज केला. प्रेमराज पाटील व किरण भामरे या दोघांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर काय झाले, असे विचारल्यावरून सांगते. प्रशीलने मला उचलले. मी त्याला खाली ठेवायला सांगितले, लोक बघत होते. त्याने लगेच ठेवले नाही. नंतर सर्वांना भूक लागली होती. मी, प्रशील, वकीलबाई व झुंबरबाई असे चौघे कोर्टासमोरच्या खानावळीत शेवभाजी जेवलो. झुंबरबाई माझ्या शेजारी बसल्या. माझ्या ताटातली अर्धी भाकर त्यांनी मोडून घेतली. वीस वर्षांत आम्ही दोघी सोबत जेवण्याची ही पहिली वेळ. भाजी तिखट होती.

माझी फिर्याद अशी की, प्रेमराज हिलाल पाटील यांनी आम्हाला आमच्याच जागेवरून हटवण्यासाठी माझ्या मुलावर खोटी फिर्याद दिली. किरण भामरे यांनी ती खोटी असल्याचे माहीत असून त्याला आठ तास बेकायदा डांबले, मारले व वकिलाला भेटू न देण्याचा प्रयत्न केला. दोघांवर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी. माझ्या वकील ॲडव्होकेट वृषाली सपकाळे आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर हजर आहेत.

गेल्या रविवारी प्रेमराज यांच्याकडून दोन माणसे घरी आली होती. गावात राहायचे आहे, मिटवून घ्या, असे ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला व सांगितले : "मनी वकीलबाईसंगे बोला." तडजोडीबाबत माझे म्हणणे काय, असे साहेबांनी आज विचारले. मी तडजोड करणार नाही.

हा जबाब महिला हवालदारांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला व अवघड शब्द अहिराणीत समजावून सांगितले. एकच चूक निघाली. शेवटच्या ओळीत "मी तडजोड करू शकत नाही" असे टाइप झाले होते. मी करू शकते, पण करणार नाही, असे सांगून ती ओळ बदलून घेतली. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे व खरे आहे.

सही : लिलाबाई देवचंद बैसाणे