उजवं चाक

—मिळेल की किल्ली, भावजी, किल्ली कुठं पळून चाललीय? बसा त्या खोक्यावर. उजवं चाक अजून बसवायचंय, मग घेऊन जा. हसताय कशाला? बाईमाणसानं चाक खोललं म्हणून? अहो, तुमचे भाऊ ह्याच आंब्याखाली गाडी खोलायचे तेव्हा पाना कोण द्यायचं हातात? मीच. तुम्ही असायचात दुकानापाशी, दोस्तांबरोबर. पुढच्या चाकांना दगड लाव, ते सांगायचे, हँडब्रेक सोड, नाहीतर ड्रम निघायचा नाही, आणि धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्यानं पूस, छातीत जाते ती— इतकं शिकवलं, आणि मला वाटायचं, हे मला काय करायचंय? भाकऱ्या सोडून? आता बघा. लागलंच ना.

आई आत लुगडं नेसतायत. आज मोठ्या खुशीत आहेत— धाकटा लेक गाडी चालवणार, देवळात घेऊन जाणार. महिनाभर माझ्यामागं धोशा, विद्यावती, घरातली गाडी घरातच राहू दे, जयदेवाला दे, त्याचा मिस्ये, तो गोरा साहेब, फ्रान्सला निघून गेला, त्याची ड्रायव्हरकी सुटली, तो टॅक्सी तरी करील. मी म्हटलं, देते. का नाही देणार? त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. पण तुमचा शब्द त्यांनी धरला, भावजी, माझा नाही. आमचा गोवर्धन दारू पिऊन मेला— हे त्या देवापुढं बसून म्हणतात, स्वतःच्या लेकाचं नाव घेऊन. गणपतीत ह्यांची ढोलकी काढायला गेले तर म्हणाल्या, राहू दे ती माळ्यावर. राहिली माळ्यावर.

तुम्ही तरी विसरला नसाल, संकष्टी होती त्या दिवशी. सकाळी चहा घेऊन गेले ते, दुसरं काही नाही पोटात, चंद्र बघून सोडायचा होता उपास. मी मोदक करून ठेवले होते. संध्याकाळी गुडलँड्सला टॅक्सीतली शेवटची माणसं सोडली, रिकामी गाडी घेऊन घरी येत होते, पाऊस भुरभुरत होता, आणि पितों गावाच्या वळणावर उसातून बैलगाडी निघाली आडवी. ब्रेक दाबला. कुणीही दाबेल. बैलगाडीवाल्यानं कोर्टात सांगितलं, सरळ येत होती गाडी, एकदम डावीकडं फिरली आणि पुलाच्या भिंतीवर गेली. मग मॅजिस्ट्रेट साहेबानं तुम्हाला विचारलं, ब्रेक कसे होते— तुम्ही काय म्हणालात? नवे होते, रविवारी मीच बसवले, दोन्ही बाजूंना. आणि मग खाली बघून, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणालात, भावाच्या तोंडाला रमचा वास येत होता, मी पहिला पोचलो तिथं. सख्खा भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? मला कुणी विचारलंच नाही. मी बाहेर बाकावर बसून होते.

ती पकड द्या जरा. नाही, ती मोठी. हां.

पोलिसांनी गाडी परत दिली ती इथंच उभी होती. कॅरोलच्या सिक्लोनात, त्या मोठ्या वादळात, स्वयंपाकघराचं छप्पर उडालं, गाडी हलली नाही. मी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते. मग आईंनी तुमचं नाव काढलं, तेव्हा लोहाराकडून पुढचा पत्रा ठोकून घेतला आणि म्हटलं, देण्याआधी मागची चाकं बघावीत, ह्यांनी तसंच केलं असतं. डावं खोललं— ब्रेकचे नवे शू, त्यांच्यावरचा लायनर असा जाड, जणू कालच बसवलाय. बरं वाटलं मला, खरं सांगते, म्हटलं भावजींनी काम तर नीट केलं होतं. मग उजवं खोललं. ड्रम निघेना, लाकडानं ठोकून ठोकून काढला. त्यात हे होतं. घ्या, हातात घ्या. चावत नाही. लायनर कुठाय सांगा बघू? नुसतं लोखंड, आणि रिव्हिटांची डोकी घासून चकाकतायत. ड्रमला आतून खाचा पडल्या होत्या, फेकून दिला, हा मोडीतल्या गाडीचा आणलाय. एक पाय रोवला आणि दुसरा घसरला तर माणूस कुणीकडं फिरेल, भावजी? रोवलेल्या पायाकडं. गाडीचं तेच.

काय? पोलिसांनी बदलले असतील? बरोबर, त्यांना तेवढंच काम.

काय म्हणालात— मोठ्यानं बोला, हळू नका बोलू— उजवं दुसऱ्या दिवशी करणार होतात? असं होय. म्हणजे आठवतंय. मग कोर्टात का नाही आठवलं? आणि ह्यांनी आणलेल्या चार नव्या शूंतले उरलेले दोन कुठं गेले तेही आठवत असेल. मिस्येची गाडी आपल्यासारखीच होती ना? त्यांच्या स्वयंपाकघरात पुष्पावती होती, ती सांगते, जयदेवनं सोमवारी साहेबांचं चाक खोललं, साहेब खूश झाले, लगेच ड्रायव्हरची टोपी दिली. टोपी छान दिसायची तुम्हाला. भावाच्या तेराव्याला टोपी काखेत धरून आला होतात.

हे सांगणार नव्हते, पण आता बसलाच आहात तर ऐका. मागच्या आठवड्यात मी हेच झिजलेले परत बसवले होते. तुम्ही जसे ठेवले होतेत तसे. स्प्रिंगा ओढल्या, जुना ड्रम तेव्हा फेकला नव्हता, तोच चढवला, नट आवळले. मनात म्हटलं, बोलवावं, बॉनेटला कुंकू लावावं, किल्ली द्यावी. पितोंचं वळण आहेच. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, भावजी, किती दिवसांनी. तसं माझ्याकडं बघू नका. मग पुष्पावती आली, म्हणाली, जयदेव टॅक्सी सुरू करतोय म्हणे, बरं झालं, माझ्या धाकटीला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेल. ती गेली आणि मी तिथंच मातीत बसून चाक परत खोललं. तुमच्यासाठी नाही. असं मुळीच समजू नका. तुम्ही एकटे बसणार असतात तर मी खोललं नसतं.

झालं. आता फिरवा चाक— मीच फिरवते. जरासं घासलं पाहिजे, बस, एवढंच. घासतंय. जॅक उतरवते.

घ्या किल्ली.

या आई, बसा तुम्ही मागं, नारळ इकडं द्या. भावजी नेतायत ना. बसा की हो, भावजी. दोन्ही चाकांना नवे आहेत. मी सांगतेय ना— तुम्हीसुद्धा असंच सांगितलं होतं, माणसाच्या शब्दावर गाडीत बसावं लागतं. हे बसले होते तुमच्या शब्दावर. हात का मागं घेताय? ब्रेकला काही झालंच नव्हतं, सगळं रमनं केलं, मग माझ्या ब्रेकला काय भ्यायचं? आई विचारतायत, का बसत नाहीस रे. सांगा. मी नाही सांगणार, मी सांगितलेलं त्यांना पटत नाही. तुम्ही सांगा, त्या ऐकतील.

आई, रडू नका. ऐकलंत ना त्यांच्याच तोंडून. भावजींच्या हातात काय आहे ते घ्या, बघा. गोवर्धनच्या गाडीतलंच आहे. हो, नाव घेतलं मी त्यांचं. घेणार आता.

खाली बसू नका, ओलं आहे, माझा हात धरा. देवळात आपण बसनं जाऊ. आणि भावजी, तुम्ही निघा. फाटक ओढून घ्या जाताना, बकरी उसात शिरते.